आरशातला आखाडा

किल्ल्या हरवणं हा काही गुन्हा नाही. पण घराची किल्ली, ऑफिसातल्या कपाटाची किल्ली, आणि या हरवल्या तर जवळ असाव्यात म्हणून करून घेतलेल्या जादा किल्ल्या, असा सगळा संसार एकाच आठवड्यात हरवून दाखवायचा म्हणजे अंगी काहीतरी असावं लागतं. आपल्या गोष्टीतल्या गृहस्थांच्या अंगी ते होतं. ते पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून होते. मीटर बिघडल्याच्या तक्रारी लिहून घ्यायचे, आणि लिहायचं पेन बहुतेक वेळा तक्रार घेऊन आलेल्या माणसाचंच असायचं.

"अहो, किल्ल्यांना काहीतरी अडकवा," बायको म्हणाली. "डोळ्यात भरेल असं. नाहीतर मी त्या तुमच्या गळ्यात बांधते."

ती बोलते ते करते, हे माहीत असल्यामुळे गृहस्थ ऑफिस सुटल्यावर थेट कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. एक कीचेन घ्यायची, एवढाच निर्णय. (पुढे जे झालं त्याला तो निर्णय जबाबदार आहे, आपण नाही, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.)

दुकानदाराने काउंटरच्या काचेवर कीचेनांचा ढीग ओतला. इवल्याशा चपला, फुटबॉल, कुत्र्यांची तोंडं. आणि त्यात एक भलतीच वस्तू होती. नखाएवढा लाल भोवरा, कडेला बारीक दाते, खाली धातूचं टोक. वरून त्याला धरून ठेवणारी एक चिमुकली डबी, आणि डबीतून बाहेर आलेली दातेरी पट्टी.

"हे काय?"

"लढाऊ भोवरा. हल्लीची मुलं खोलगट थाळीत सोडतात ना, एकमेकांवर आदळणारे? त्यांचंच हे पिल्लू. किल्लीला अडकवायचं."

"म्हणजे शोभेचा."

दुकानदाराला ते लागलं. त्याने पट्टी खेचली. सर्रर्र झालं आणि भोवरा काचेवर उतरला. उतरला म्हणजे उभाच राहिला. फिरतोय की नुसता उभा आहे ते कळेना. लालाची एक धूसर कड तेवढी दिसत होती, आणि कान जवळ नेल्यावर डासासारखी गुणगुण ऐकू येत होती. गृहस्थांनी खात्याच्या सहलीत मोठमोठी धरणं पाहिली होती. त्या धरणांसमोरही ते बोलतच होते. या नखाएवढ्या वस्तूने मात्र त्यांची वाचा बंद केली.

"एक द्या," वाचा परत आल्यावर ते म्हणाले.

"एकटा नेऊन काय करणार साहेब? लढेल कोणाशी?"

हे अगदीच बिनतोड होतं. त्यांनी निळाही घेतला.

घरात माणसं तीन. गृहस्थ, त्यांची बायको, आणि गेल्या वर्षीपासून त्यांच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. सासूबाई आणि जावई यांचं एकमेकांशी भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. "जावईबापू, पंखा लावू का?" "तुम्हाला हवा असेल तर लावा, आई." "मला कशाला?" एवढं झालं की दोघंही दमून जात आणि पंखा बंदच राही.

त्या संध्याकाळी बायको मागच्या खोलीत कामात होती. गृहस्थांनी जेवणाच्या टेबलावर लाल सोडला, मग निळा सोडला. दोघे दोन दिशांना निघून गेले. पुन्हा सोडले. लाल खुर्चीखाली, निळा फ्रिजखाली. लढाई तर सोडाच, दोघांची ओळखही होईना. सपाट जागेवर भोवरे एकमेकांकडे येत नाहीत, त्यांना खोलगट जागा लागते, हे गृहस्थांच्या लक्षात आलं. मग त्यांनी ताट घेतलं. ताटाच्या काठाला आपटून भोवरे आडवे पडले. कढई घेतली. कढईत असा काही आवाज झाला की शेजारणीने भिंतीवर थाप मारली. शेवटी बेसिन. बेसिनचा आकार झकास होता, भोवरे भिडलेही, पण मधोमध जे भोक असतं त्यातून निळा पाहता पाहता नाहीसा झाला.

गृहस्थ बेसिनखाली आडवे होऊन पाइप उघडत असताना पाठीमागून आवाज आला.

"काय पडलं?"

सासूबाई होत्या. गृहस्थांना खोटं बोलता येत नाही असं नाही, पण आडवं पडून येत नाही. त्यांनी पाइपमधून निळा काढला, पुसला आणि सगळं खरं सांगितलं. सासूबाईंनी चष्मा वर सरकवून तो भोवरा दोन बोटांत धरला.

"एवढासा? हा फिरतो?"

"फिरतो म्हणजे काय! बघा."

सासूबाईंनी पट्टी खेचली. पहिल्याच खेचण्यात. निळा ओट्यावर उतरला आणि कुठेही न भटकता जागच्या जागी घुमत राहिला. गृहस्थ बघतच राहिले. त्यांचा लाल तर दर वेळी झिंगल्यासारखा चालायचा.

"तुम्हाला कसं जमलं?"

"मनगट," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणी दोन्ही भावांचे भोवरे फोडलेत मी. आईने मग माझी दोरी चुलीत घातली." भोवरा थांबेपर्यंत त्या पापणीसुद्धा न लववता त्याच्याकडे बघत होत्या. "काय बया आहे हो ही!"

त्या दिवसापासून निळ्याचं नाव बया पडलं, आणि दोघांचं बोलणं एकदम मोकळं झालं. गृहस्थ ऑफिसातून आले की सासूबाई दारातच विचारत, "आज कशात?" मग कधी झाकणात, कधी टोपलीत, कधी उलट्या छत्रीत. सगळ्या लढाया बया जिंकायची. पण मनासारखा आखाडा काही मिळेना. एक खोल, एक खरबरीत, एक गळका. "एवढे देखणे भोवरे," सासूबाई हळहळत, "आणि त्यांना धड अंगण नाही."

आता मागच्या खोलीत बायको काय करत होती ते सांगायला हवं.

बायको चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची, आणि घरी आल्यावर दुर्बिणीचा आरसा घासायची. हो, घासायची. दुर्बिणीचा आरसा विकत मिळतो, पण तिला तो स्वतःच्या हाताने करायचा होता. लहान असताना तिने एकदा आईकडे दुर्बीण मागितली होती. "मुलीला कशाला लागतं ते? आकाश काय डोळ्यांनी दिसत नाही?" असं म्हणून आईने विषय मिटवला होता. हे तिने गृहस्थांना लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं, हसत हसत. पण त्या हसण्यात काहीतरी दुखत होतं, आणि ते गृहस्थांनासुद्धा कळलं होतं.

तर खोलीच्या मध्यभागी एक उंच घडवंची. तिच्यावर जेवणाच्या ताटाएवढी जाड काच, त्यावर तशीच दुसरी काच, मधे पाणी आणि दाणेदार काळी पावडर. बायको वरची काच पुढे ढकलायची, मागे ओढायची, एक पाऊल बाजूला सरकायची, पुन्हा ढकलायची. खर्र, खर्र. असं घडवंचीभोवती फिरत फिरत, महिनोन् महिने. आणि नवल असं की दोन सपाट काचा नुसत्या एकमेकींवर घासत गेल्या, की वरची आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर. कोणी कोरत नाही, कोणी साचा लावत नाही. गृहस्थांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ते उठून दोन्ही काचांकडे आळीपाळीने बघून आले होते.

आधी जाड पावडर, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी डांबराच्या गादीवर लाल पुडीचं पॉलिश. काच पाण्यासारखी झाली होती. खोलगटपणा इतका बेताचा की चटकन दिसायचाही नाही. पण केसाचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढीही चूक त्यात खपत नाही, असं बायको म्हणायची. घरात नियम एकच होता: जाड पावडरीचा कणसुद्धा पॉलिशच्या काचेजवळ येता कामा नये. एक दाणा, की चरा. एक चरा, की महिन्यांची मेहनत पाण्यात. म्हणून खोलीत दोन ॲप्रन होते. जाड पावडरीचा करडा ॲप्रन दारामागे, पॉलिशचा पांढरा खिडकीशी.

तो दिवस उजाडला तेव्हा आरसा पूर्ण झाला होता. संध्याकाळी सर येऊन तो मुलामा द्यायला नेणार होते. सर म्हणजे बायकोला हे काम शिकवणारे म्हातारे गुरुजी. ते फार कमी बोलत आणि कौतुक तर अजिबात करत नसत. बायको दुकानात जाताना म्हणाली, "आरशावर कापड टाकलंय. खोलीत कोणी जाऊ नका." आणि गेली.

दुपारी गृहस्थ आणि सासूबाई समोरासमोर बसले होते. सुट्टीचा दिवस. भोवरे टेबलावर.

"नुसता बघायला काय हरकत आहे?" सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"आरसा हो. आज जाणार तो. पोरीने एवढं केलं, आणि मी आई असून धड पाहिलाही नाही."

यात भोवऱ्यांचा उल्लेख नव्हता. दोघंही अगदी निर्मळ मनाने मागच्या खोलीत गेले. (भोवरे हातात होते, पण ते टेबलावर ठेवले असते तर हरवले असते.)

गृहस्थांनी कापड उचललं. खिडकीतला उजेड काचेत उतरला आणि तिथेच थांबला. कडेपासून मध्यापर्यंत ती काच इतकी सावकाश, इतकी एकसारखी उतरत गेली होती की बोट न लावताही तो उतार बोटाला जाणवत होता. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. सासूबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. दोघांच्याही मनात एकच विचार आला होता, आणि तो कोणी आधी बोलायचा हा प्रश्न होता.

"हाच की हो तो," शेवटी सासूबाई पुटपुटल्या.

"आई, नको."

"मी कुठे काय म्हटलं?"

"एकदाच," गृहस्थ म्हणाले.

त्यांनी पट्ट्या खेचल्या. बया आणि लाल दोघे काचेवर उतरले, आणि त्यानंतर जे झालं ते गृहस्थ अजून विसरलेले नाहीत. भोवरे धावले नाहीत, तरंगले. काठाजवळून मोठ्या गोलात, मग जरा लहान गोलात, मग आणखी लहान, असे एकमेकांभोवती फिरत ते मध्याकडे निघाले. काचेत त्यांची उलटी रूपं त्यांच्या टोकाला टोक लावून फिरत होती. आदळले तेव्हा नाजूक टिण् असा आवाज झाला, दोघे दूर उडाले, आणि पुन्हा त्याच धीम्या चालीने परत आले. कोणी बोलावल्यासारखे. सासूबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि ते जावयाचं आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

एकदाच, असं ठरलं होतं. पण लाल पहिल्यांदाच जिंकला, आणि बयेला हरलेली ठेवून खोलीतून निघणं सासूबाईंना शक्य नव्हतं. मग पुन्हा. मग पुन्हा. एका धडकेत लाल काठावरून उडाला आणि जमिनीवर गडगडत जाऊन फडकं धुवायच्या बादलीत पडला. गृहस्थांनी तो काढला. ओला होता. त्यांनी तो जवळच्या फडक्याला पुसला, अगदी टोकापर्यंत, काळजीपूर्वक, कारण ओला भोवरा काचेवर सोडायचा नाही एवढं त्यांना कळत होतं.

ते फडकं दारामागे लटकत होतं, आणि ते फडकं नव्हतं.

लाल पुन्हा काचेवर उतरला. या वेळी त्याचा सूर निराळा होता. गुणगुणीत एक बारीक किर्र आवाज मिसळला होता. पण दोघांचं तिकडे लक्ष गेलं नाही, कारण लालाने चमत्कार केला. बयेला एका टिण्मध्ये बाहेर काढून तो थेट आरशाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. हलेना, डुलेना. तिथेच फिरत राहिला. थांबेल थांबेल म्हणता थांबेना. सासूबाईंनी हात जोडले. गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं, आपला भोवरा म्हणून अभिमानाचं. एवढासा जीव आणि काय ही निष्ठा, असं त्यांना वाटलं.

भोवरा थांबला, आडवा झाला. गृहस्थांनी तो उचलला. आणि आरशाच्या बरोब्बर मधोमध, जिथे तो एवढ्या निष्ठेने उभा होता तिथे, एक ठिपका दिसला.

"पुसा," सासूबाई म्हणाल्या.

गृहस्थांनी खिशातल्या रुमालाने पुसलं. ठिपका राहिला. फुंकर मारली. राहिला. मग त्यांनी बायकोचं डोळ्याला लावायचं भिंग घेतलं आणि वाकून पाहिलं. तो ठिपका नव्हताच. खड्डा होता. गोल, भोवती उंच कड, आणि आत तळाशी एक टेंगूळ. त्यांनी भिंग सासूबाईंना दिलं. सासूबाईंनी पाहिलं आणि त्या खाली स्टुलावर बसल्या.

"टूथपेस्ट लावून बघू या?"

"आई, खड्डा आहे तो. दात नाही."

"मग काय करायचं?"

गृहस्थांनी दारामागच्या करड्या ॲप्रनकडे पाहिलं, आपल्या हातातल्या भोवऱ्याकडे पाहिलं, आणि सगळा उलगडा झाला. ॲप्रनवरचा दाणा भोवऱ्याच्या टोकाला चिकटला होता, आणि ते ज्याला निष्ठा समजत होते ते ड्रिलिंग चाललं होतं.

"तिला सांगू या," ते म्हणाले.

"सांगा."

"तुम्ही आई आहात."

"तुम्ही नवरा आहात."

हा वाद चालू असतानाच दाराची कडी वाजली. दोघांनी कापड टाकलं, भोवरे खिशात घातले आणि स्वयंपाकघरात येऊन एकच कांदा दोघं चिरू लागले. बायको आत आली, त्यांच्याकडे जरा बघून मागच्या खोलीत गेली. कापड उचलल्याचा आवाज आला. मग काही आवाज नाही. बऱ्याच वेळाने मोरीचं दार लागलं, नळ सोडल्याचा आवाज आला. बायको बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता.

"सर येतीलच," ती म्हणाली. "पॅक करते."

तिने पाहिलंच नाही! गृहस्थांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच भांड्यातून बाहेर आला, कारण न दिसणं हे दिसण्यापेक्षा वाईट होतं. आता मुलाम्याचा खर्च होणार, दुर्बीण उभी राहणार, आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा डोळा लावेल त्या दिवशी तिला लहानपणापासून हवं असलेलं आकाश मधोमध फुटलेलं दिसणार. सर आले, आरसा उचलला, काही न बोलता गेले.

मग सुरू झाले प्रायश्चित्ताचे दिवस. गृहस्थ रोज भांडी घासू लागले. नुसती घासत नव्हते, उजेडात धरून बघत होते. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं बंद केलं. आमटी खारट झाली तेव्हा "मिठाला काय छान चव आहे" असं म्हणाल्या. बायको मात्र मजेत होती. लाकडाची लांब पेटी करून घेत होती, रंग देत होती, गुणगुणत होती. तिची ती गुणगुण ऐकली की गृहस्थांना भोवरा आठवायचा आणि ते आणखी एक भांडं घासायला घ्यायचे.

"अगं, मला तुला काहीतरी सांगायचंय," एकदा त्यांनी सगळं बळ एकवटून म्हटलं.

"सांगा की."

ती हातात ब्रश घेऊन इतक्या आनंदाने बघत होती, की गृहस्थांची दातखीळ बसली.

"दूध आणलंय मी," ते म्हणाले.

"अरे वा," बायको म्हणाली.

आणि एके दिवशी आरसा मुलामा लावून परत आला. आता तो खराखुरा आरसा होता, लखलखीत. गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पेटीत बसवला, जुळवाजुळव झाली, आणि संध्याकाळी सगळी वरात गच्चीवर आली. सर, बायको, सासूबाई, आणि सगळ्यात मागे जड पावलांनी गृहस्थ. आकाश अजून निळं होतं. अर्धा चंद्र वर आला होता. बायकोने पेटी वळवली, डोळा न लावताच अंदाजाने नेम धरला आणि म्हणाली, "पहिल्यांदा तुम्ही बघा."

"मी? नको, तू बघ. तुझी दुर्बीण."

"घरात एवढे महिने खर्र खर्र चाललं होतं, तुम्ही एकदाही कुरकुर केली नाहीत. मान तुमचा."

हे ऐकून गृहस्थांना रडू यायचंच बाकी राहिलं. ते फाशीच्या कैद्यासारखे पुढे झाले आणि त्यांनी डोळा लावला.

आधी नुसता उजेड. मग त्यांनी पुढचं चाक जरा फिरवलं आणि चंद्र आला. आला म्हणजे अंगावरच आला. चंद्र ही आकाशातली एक चकती आहे असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. पण ही तर जागा होती. इथे उतार होते, सपाट मैदानं होती, उजेड जिथे संपतो तिथे डोंगरांच्या लांब काळ्या सावल्या पडल्या होत्या. कोणी नसलेलं, कोणाचा आवाज नसलेलं एवढं मोठं आवार त्यांच्या डोळ्यासमोर शांत पडलं होतं, आणि ते त्यांच्या बायकोने मागच्या खोलीत, घडवंचीभोवती फिरत फिरत, जवळ आणलं होतं. गृहस्थांना वाटलं, आपण हिला ओळखतच नाही.

आणि मग त्यांना खड्डा दिसला.

गोल. भोवती उंच कड. आत तळाशी टेंगूळ. तोच. त्याच्या शेजारी दुसरा. त्याच्यावर तिसरा. गृहस्थांनी डोळा चोळून पुन्हा लावला. खाली खड्डे, वर खड्डे, खड्ड्यात खड्डे. भिंगातून पाहिलेला आपला तो एकुलता एक खड्डा आरशातून आकाशात जाऊन असा बहरला होता की चंद्रावर पाय ठेवायला जागा राहिली नव्हती.

"मी केलं!" ते ओरडले. "मीच केलं हे! माफ कर मला!"

"काय झालं?" बायको दचकली.

"खड्डे! सगळे खड्डे माझे आहेत! एकच केला होता गं, शपथेवर सांगतो, एकच! भोवऱ्याने! पण ते... ते इतके होतील असं मला वाटलं नव्हतं!"

"मी पण होते," सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या. "त्यांना एकट्याला बोलू नकोस. मीच म्हटलं होतं, आरसा बघू म्हणून. पोरी, तुला दुर्बीण घेऊ दिली नाही, आणि तू केलीस तर ती पण फोडली मी."

सर तोंडावर रुमाल धरून कठड्याकडे वळले आणि त्यांना जोराचा खोकला आला. बायकोने दुर्बिणीला डोळा लावला, जरा वेळ बघितलं आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, ते चंद्राचे आहेत."

"हं?"

"खड्डे. चंद्रावरचेच आहेत ते. आधीपासून."

गृहस्थांनी चंद्राकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, सरांच्या हलणाऱ्या पाठीकडे पाहिलं.

"मग माझा?"

"तुमचा मला त्याच दिवशी दिसला. घडवंचीखाली ती दातेरी पट्टी पण सापडली." बायकोचा आवाज जरा खाली आला. "मोरीत जाऊन रडले मी. खूप रडले. मग तोंड धुताना लक्षात आलं. हे बघा, पेटीत आरशाच्या समोर हा छोटा तिरका आरसा टांगलाय ना? याची सावली मोठ्या आरशाच्या बरोबर मध्यावर पडते. तेवढ्या जागेला चंद्राचा उजेड पोचतच नाही. तिथे खड्डा असो, नाहीतर विहीर."

"म्हणजे आरसा..."

"आरसा चांगला आहे. उलट आरशाचा मध्य शोधून तिथे खूण करावी लागते, जुळवणीसाठी. मी किती दिवस मोजपट्टी घेऊन मोजत होते. तुमच्या भोवऱ्याने तो बिनचूक काढून दिला."

"चांगला आहे," सर म्हणाले. रुमाल खिशात गेला होता. हे त्यांचं कौतुक होतं, आणि ते आरशाचं की खड्ड्याचं हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?" गृहस्थ कळवळून म्हणाले.

"सांगणार होते. पण भांडी फार स्वच्छ निघत होती."

सासूबाई तोपर्यंत दुर्बिणीपाशी गेल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून डोळा लावला होता. त्यांचा एक हात मागे हवेत काहीतरी शोधत होता. बायकोने तो हातात घेतला. सासूबाईंनी डोळा काढला नाही.

"डोळ्यांनी नाही गं दिसत हे," त्या म्हणाल्या. "मला काय माहीत होतं?"

लेकीने आईचा हात तसाच धरून ठेवला. गृहस्थांना कुठे बघावं कळेना, म्हणून ते उघड्या डोळ्यांनी चंद्राकडे बघत राहिले. नंतर पाळी आल्यावर त्यांनी पुन्हा डोळा लावला. मघाशी भीतीने पाहिलेलं ते आवार आता त्यांनी निवांत पाहिलं, खड्ड्यामागून खड्डा, सावलीमागून सावली. केवढं होतं ते. आणि त्यातल्या एकाही गोष्टीशी त्यांचा काही संबंध नव्हता. याने सुटका वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर त्यांना जरासं वाईट वाटलं.

"माझा कुठूनच दिसत नाही?" त्यांनी हळूच विचारलं. "अगदी बारीक सुद्धा?"

"नाही हो," बायको म्हणाली. "अख्ख्या आरशात बिनकामाची जागा तेवढी एकच. आणि तुम्ही नेमके तिथेच काम केलंत."

सरांना पुन्हा खोकला आला. तो थांबल्यावर सगळ्यांनाच चहा घ्यावासा वाटला. तो कोणी करायचा, यावर चर्चा झाली नाही. चार कप लागतील, पुन्हा दुर्बिणीपाशी गेलेल्या सासूबाईंनी चंद्रावरून डोळा न काढता सांगितलं, आणि पातेलं नंतर लगेच घासून ठेवा. गृहस्थ जिना उतरू लागले.